चमकेखालची सावली

४ फेब्रुवारी

खांदा आज दुखलाच नाही. म्हणजे दुखला असेल, माझंच लक्ष नव्हतं!

सकाळी धाकट्याच्या तेल-गॅस शोधायच्या कंपनीत सहज डोकावले. ह्या खांद्यापायी सोनोग्राफीचा दवाखाना विकल्यापासून सकाळ खायला उठते, म्हणून भावाकडे चहाला. चहा गार झाला तो झालाच. समोर भिंतीएवढ्या पडद्यावर जमिनीच्या पोटातलं चित्र लावलं होतं — करडे थर, एकावर एक, मधेच वाकलेले, मधेच तुटलेले. मी चष्मा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. लोकांच्या पोटांची अशीच चित्रं वाचण्यात तर माझा जन्म गेला!

"कशी काढता रे?" तर म्हणे, जड गाड्या माळावर उभ्या करून जमीन थरथरवतात, आणि जमिनीवर पसरलेले हजारो बारके कान खालून येणारा प्रतिध्वनी ऐकतात. त्याचं चित्र संगणक जुळवतो.

"अरे, मग ही सोनोग्राफीच की!"

"तीच. पेशंट तेवढा जाड आहे, ताई."

एका वाकलेल्या थराच्या माथ्यावर पांढरी लख्ख पट्टी होती. त्याने बोट दाखवायच्या आत मी म्हटलं, "गॅस." धाकटा बघतच राहिला. त्याच्या लोकांना ती सापडायला म्हणे काही महिने लागले. गॅसशी माझं जुनं वैर. त्याच्यापायी अर्धे पेशंट परत पाठवायचे मी — जा, उद्या उपाशी पोटी या. पण हा गॅस हवासा आहे. ह्याच्यावर चुली पेटतात!

"किती आहे ते मात्र चित्र सांगत नाही हं," असं काहीतरी तो म्हणाला. मी तोवर पडद्याला नाक लावलं होतं.

५ फेब्रुवारी

कांदा चिरताना थरच बघत बसले. कढईतलं तेल पेटायचं तेवढं बाकी राहिलं.

८ फेब्रुवारी

ह्यांना सांगून टाकलं — दवाखान्याचे पैसे मी धाकट्याच्या नव्या विहिरीत घालणार.

वर्तमानपत्राआडून आवाज आला, "पाणी लागेल." मग वर्तमानपत्र खाली आलं. "मी जन्मभर रस्त्यांवरचे खड्डे बुजवले. आता म्हातारपणी बायको खणायला निघाली!" खात्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या विनोदाला धार आली आहे. कामाला असताना कुठे गेली होती कोण जाणे.

मग गंभीर झाले. "त्याच्या दोन विहिरी कोरड्या गेल्यात." ठाऊक आहे. "धंद्यातले लोक पाठीमागे त्याला कोरडेसाहेब म्हणतात." तेही ठाऊक आहे! आणि ह्यांना जे ठाऊक नाही तेही मला ठाऊक आहे. तिसरी कोरडी गेली तर धाकटा कंपनीला कुलूप लावणार, आणि ज्यांना त्याने हाताला धरून शिकवलं त्यांच्या हाताखाली नोकरी करणार. हे त्याने फक्त मला सांगितलंय, तेही जिन्यात, माझ्याकडे पाठ करून. म्हणून तर घालायचेत. आणि त्या पट्टीसाठी. खरं सांगायचं तर पट्टीसाठी जरा जास्तच!

शेवटी तह झाला. दवाखान्याचे पैसे माझे, मी ते पुरावेत नाहीतर उडवावेत. घराला मात्र हात लावायचा नाही.

"शब्द?"

"शब्द."

१४ फेब्रुवारी

धाकटा माझे पैसे घेईना! "नको ताई. सर्जन घरच्या माणसावर सुरी चालवत नाही, हे तूच सांगतेस ना?" मी म्हटलं, मी कुठे टेबलावर झोपतेय? चार भागीदारांत एक म्हणून कोपऱ्यात बसेन. तासभर झटापट. शेवटी मी लहानपणीचं अस्त्र काढलं — बोलणंच बंद केलं. दहा मिनिटांत शरण आला.

भागीदारांची बैठक मजेची झाली. माझ्या जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य, एक निवृत्त वैमानिक (कॅप्टन म्हटलं नाही तर उत्तरच देत नाही), आणि सोफे विकून मोठ्या झालेल्या एक बाई, ज्या बसायच्या आधी प्रत्येक खुर्ची दाबून बघतात. चौथी मी.

धाकट्याने एक नियम तीनदा समजावला. ठरलेल्या खोलीपर्यंतचा खर्च आत्ताच भरायचा. तिथून पुढे जायची वेळ आली, तर प्रत्येकाने दोन दिवसांत हो किंवा नाही सांगायचं. हो म्हणणाऱ्याने नवे पैसे घालायचे. नाही म्हणणारा बाहेर, आणि त्याचा वाटा उरलेल्यांचा. पुढे सोनं लागलं तरी त्याचं काही नाही.

"म्हणजे तीन पत्तीसारखंच," दंतवैद्य म्हणाला. धाकट्याला ते आवडलं नाही. मी सही ठोकली.

२ एप्रिल

रिग बघून आले!! ओसाड माळ, वारा असा की बोलायचं तर कानात ओरडायचं. आणि मधोमध तो विहीर खणायचा लोखंडी मनोरा. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून मी मिरवून घेतलं. हे पण आले होते, "रस्ता बघायला" म्हणून. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यावर टीका केली. मग ड्रिलर मनुष्याने त्यांना पाइप कसा जोडतात ते दाखवलं, तर तिथून हलेनात!

पाइपातून खाली चिखल सोडतात. तो टोकाशी जाऊन फोडलेल्या खडकाचा चुरा घेऊन वर येतो. तो चुरा धुऊन भिंगाखाली बघतात. एक जण दिवसभर तेवढंच करतो. मी त्याच्या शेजारी बसून दगडाचे कण बघितले. ज्या अंधारात कधी कोणी गेलं नाही तिथले कण, माझ्या तळहातावर!

२१ एप्रिल

बिट, म्हणजे खडक फोडणारं पाइपाचं टोक, वळतं! जमिनीखाली, इतक्या खोल, ते वळवता येतं. टोकामागेच मोजमापाची यंत्रं आहेत, ती चिखलातून ठोके पाठवून सांगतात — आता कुठे आहे, कुठल्या खडकात आहे. धाकटा फोनवर सांगताना एकदम लहान झाला होता. शाळेत पहिला आल्याचं असंच सांगायचा, धापा टाकत.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आमच्या खात्यात समोरचा रोलर वळायचा नाही."

३ मे

गॅस!!! चिखलात गॅस वर आलाय! मापाचा काटा एकदम उडाला म्हणे. पट्टी गाठली! ठरलेल्या खोलीवर, माझ्या पट्टीत. मी जुन्या दवाखान्याचा जिना चढून दंतवैद्याकडे गेले. त्याने पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून मला मिठी मारली.

५ मे

घात झाला.

भोकात यंत्र सोडून मापं घेतली. गॅस आहे, पण चिमूटभर. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर फसफसतो तेवढाच. बाकी खारं पाणी. पण ध्वनीच्या लहरींना तेवढाही पुरतो. चित्रात थोडा गॅस आणि पुष्कळ गॅस सारखेच लख्ख दिसतात. आणि हे मला — मला! — ठाऊक नव्हतं? आतड्यातला एक फुटकळ बुडबुडा पडदा कसा उजळवून टाकतो ते जन्मभर बघितलं. ओळखीचं दिसलं म्हणून हुरळून गेले मी. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी!

पैशांचं मला इतकं वाटत नाही. वाटतं, खोटं कशाला लिहू. पण धाकट्याचा आवाज ऐकवेना. "ताई, विहीर बंद करायचा सल्ला देतोय सगळ्यांना. परवा सिमेंट ओतू." एकदम सभ्य आवाज. दारावर आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तसा.

हे एकही विनोद करत नाहीत. त्यानेच रडू येतंय.

६ मे

थांबा, थांबा, थांबा!

सकाळी दात घासता घासता सुचलं आणि तोंडात फेस तसाच ठेवून ऑफिसात फोन केला. आतड्यात गॅस असला की मागचं स्वादुपिंड दिसत नाही. सावली पडते. दिसत नाही म्हणजे स्वादुपिंड नाही असं होतं का? शिकाऊ डॉक्टरांना मी ओरडायचे ह्याच्यावरून — रिपोर्टात "दिसू शकले नाही" लिहा, "नाही" लिहू नका!

मग तडक तिकडेच गेले. पट्टीच्या खाली बघितलं. धुरकट. थर खचल्यासारखे, पुसल्यासारखे. "ह्याखाली काय आहे रे?"

"काही नाही. निर्जीव आहे."

"निर्जीव आहे, का तुझ्या गॅसची सावली आहे?"

मी म्हटलं, अशा वेळी मी पेशंटला कुशीवर वळवते आणि बाजूने बघते. तुझा पेशंट वळत नाही, पण बाजूने आलेला आवाज आहे का तुझ्याकडे? गॅसला वळसा घालून आलेला?

तो सावकाश म्हणाला, "लांबच्या कानांचा आहे. अस्पष्ट म्हणून आम्ही बाजूला टाकला होता." मग खुर्ची मागे पडली, कारण तो उठला होता. सिमेंट थांबवलं!!

९ मे

दिसलं! बाजूच्या आवाजांवरून संगणकाने नवं चित्र जुळवलं आणि त्या धुरकटात एक घुमट उभा राहिला. सुबक, पालथ्या वाटीसारखा, वरच्या पट्टीच्या दुप्पट. चमकत नाही. चमकायला नकोच, तेल तसं चमकत नाही म्हणे. भोक तयारच आहे, आणखी खाली जायचं. रिगची लोकं थांबलीत. आता तो नियम आला — हो किंवा नाही, आणि हो म्हणणाऱ्याने नवे पैसे घालायचे.

माझ्याकडे आता घर आहे. दुसरं काही नाही.

घरी येऊन ह्यांना चित्र दाखवलं. फोनवर, बोटांनी मोठं करून. हे बराच वेळ बघत राहिले. मग उठले, कपाटाकडे गेले, आणि घराचे कागद टेबलावर ठेवले! "घाल." मी म्हटलं, अहो, शब्द दिलाय मी. "मग मी तो परत देतो. ती वाटी बघितलीस का तू?" डोळे चकाकत होते. खड्डे बुजवणारा माणूस! मला हसावं का रडावं कळेना. हसलेच.

१० मे

धाकट्याला सांगायला गेले की आम्ही घर घालतोय. वाटलं होतं उड्या मारेल. तो बसला.

"ताई, सगळ्यांचं ऐकून घेईन. चुकलो तर दंतवैद्य मला शिव्या घालेल, कॅप्टन बोलायचा नाही, चालेल. पण तुझं आणि भाऊजींचं घर त्या भोकात असेल ना, तर प्रत्येक फुटाला मला ते दिसेल. जिथे पुढे जायचं तिथे मी थांबेन. हात चालणार नाही माझा."

सर्जन घरच्या माणसावर सुरी चालवत नाही. माझंच वाक्य. ते खरं का आहे, हे मला आज कळलं.

त्याच्या टेबलावरच 'नाही'वर सही केली. दवाखाना गेला, पट्टी गेली, वाटी दुसऱ्यांची. बाकी तिघांनी हो म्हटलं — माझ्याच चित्रावर! बाहेर येऊन पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. मग पदराने नाक पुसलं आणि दंतवैद्याला फोन करून बजावलं, माझ्या भावाला मधेमधे फोन करून छळू नकोस, त्याला काम करू दे.

ह्यांनी कागद कपाटात ठेवले. "बिट तरी वळत राहू दे म्हणावं," एवढंच बोलले.

२९ मे

दारात धाकटा. दाढी वाढलेली, बूट चिखलाने माखलेले, तसाच थेट माळावरून. हातात औषधाची असते तेवढी बाटली. हे पुढे झाले, ती उजेडात धरून तिरकी केली. काळंभोर, दाट, काचेला चिकटून हळूहळू उतरणारं.

"सावलीतच होतं गं, ताई. भरपूर आहे."

दोघंही रडलो, मग हे पण, डोळ्यात काही गेलं म्हणून. मग हेच म्हणाले, "कोरडेसाहेब, बूट काढून आत या!"

खाली आहे त्यातला थेंबही माझ्या नावावर नाही. बाटली मात्र मी ठेवून घेतली आहे, आणि दुपारपासून हसू काही थांबत नाही.