चमकती चाकं थोरल्याला, पिकअप धाकटीला

मी, टपाल खात्यातून निवृत्त झालेली विधवा, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण "आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं" असं मुलगा म्हणणार.

१. राहतं घर आणि बँकेतील ठेवी मुलीला. मुलाला त्याचा वाटा धंदा काढतानाच दिला आहे.

२. यांची जुनी पिकअपही मुलीलाच. कारण लिहून ठेवते. दर पावसाळ्यानंतर हे गाडीखाली झोपून चासीची, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याची, भोकं तारेने मोकळी करत. आत साचलेलं पाणी तिथूनच निघून जातं. यांच्या लांबलेल्या आजारपणात मुलाने गंज न खरवडता खालून जाड काळा थर फासला. भोकं बुजली. वर रुंद चमकती चाकं बसवली, मडगार्डच्या बाहेर आलेली. सगळा चिखल दारांवर उडायचा.

हे बरे होऊन आले, गाडीखाली शिरले आणि चासीला स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"अहो बाबा, खाली कोण बघतंय? लोक चाकं बघतात!"

"खरंय. नवरदेव झकास सजलाय. पाय तेवढे नाहीत," हे म्हणाले.

उरलेलं आयुष्य यांनी मुलीला हाताशी घेऊन सडलेला पत्रा कापण्यात आणि नवा जोडण्यात घालवलं. मुलगा येता-जाता "भंगारात जीव अडकलाय तुमचा" म्हणायचा. खाली वाकला मात्र एकदाही नाही.

३. ती चारही चमकती चाकं मुलाला, नटांसकट. कोठीत पोत्याखाली पडली आहेत. मी पुसलेली नाहीत.

४. मुलाचं चाकांचं दुकान ज्या खोलीत आहे, ती माझ्या नावावर आहे. हे गेले त्याच आठवड्यात तो पिकअपची किल्ली मागायला आला. "आई, मस्त सजवून दुकानासमोर ठेवतो. बाबांची आठवण!" मी म्हटलं, "चहा निवतोय." तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

ती खोली त्याला एकाच अटीवर मिळेल. मला शेवटचं न्यायचं ते याच पिकअपमधून. त्याआधी त्याने गाडीखाली झोपून चासीची सगळी भोकं स्वतः तारेने मोकळी करावीत. कोपऱ्यावरच्या वेल्डरने तपासून होकार दिला, तर खोली त्याची. नाहीतर तीही मुलीची.

मुलीला सूचना: दादाला तार दे, अंगाखाली घ्यायला पोतं दे. भोकं किती आणि कुठे आहेत, ते सांगू नकोस. माझा खोळंबा व्हायला हरकत नाही.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा वेल्डर (सही). शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही).

सही: या दोघांची आई.
स्थळ: स्वयंपाकघर, खिडकीतून पिकअप दिसते ती बाजू.
तारीख: यांचा पहिला स्मृतिदिन. मुलगा अजून आलेला नाही.