प्रज्ञाची वही

शनिवार, संध्याकाळ. अमरावती.

अकोल्यात माझ्या व्याख्यानाला टाळ्या पडल्या आणि मला मान वर करवेना. विषय साधा होता: शून्य ते एकमधली संख्या दुप्पट करत जायची, एक किंवा जास्त झाली की एक वजा. कॉम्प्युटरवर प्रत्येक संख्या शेवटी शून्यावर बसे. मागच्या महिन्यात मी त्याचा सिद्धांत करायला निघालो होतो. तेव्हा माझी विद्यार्थिनी प्रज्ञा वही उघडून म्हणाली होती, "सर, संख्या नाही बसत. कॉम्प्युटर मोजकेच अंक ठेवते, दर दुपटीला एक गळते; ते संपून राहिले." मी खेकसलो, "तुले जास्त समजते का?"

आज व्याख्यानात तेच मी माझं म्हणून सांगितलं. काहून? तिचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

ती समोरच बसून वहीत उतरवत होती. तिचंच वाक्य, माझ्या नावानं. परतताना एसटीत तिनं ती वही पुढे केली. "सर, बरोबर लिहिलं नं मी?"

मी सवयीनं खाली सही केली.