मधली शिवण

मंगळवार, संध्याकाळ

आजची चिंधी कुणाच्या खिशात ठेवू? मला खरंच कळत नाही.

दादाच्या कॅम्प तीन वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यातून कापड आणलं, मधे शिवण घालून दोन खिसे केले आणि भिंतीवर टांगले. एक नऊ वर्षांच्या ओवीचा, एक पाच वर्षांच्या मिहिरचा. दादाच्या या पोरांना मी घरीच शिकवते. जो जे शिकेल त्याची खूण त्याच्या खिशात. दादाची अटच आहे, "ग्रॅज्युएट बाई, दोघांचं वेगवेगळं दाखव. नाहीतर जूनपासून शाळा."

आज ओवी चिंधीला घड्या घालून मिहिरला अर्धा, पाव समजावत होती. तो म्हणाला, "ताई, अजून एक घाल ना." उलगडलं तर आठ भाग! ओवी बघतच राहिली. "आत्या, हे मलापण माहीत नव्हतं." मी तर टाळ्याच वाजवल्या.

मग कोण शिकलं, कुणी शिकवलं? चिंधीचे दोन तुकडे करू? छे, मग त्या घड्याच जातील. दादा रविवारी बघणार. चिडला तर त्यालाही घड्या घालायला बसवीन.

कात्री घेतली आणि दोन खिशांमधली शिवण उसवून टाकली.