आखाड्यावरचा थांबा

प्रिय बाबा,

तुम्ही दिलेला शब्द आणि माझं मत एकमेकांच्या आड आलं, तर मोडायचं कुणी? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगते. पदवीच्या पुस्तकांत पंचायत राज अख्खं पाठ केलं, पण त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवता. म्हणून लिहिते आहे. वस्तीतला धम्मपाल आज पुण्याला निघालाय, त्याच्या हाती पत्र देते. शनिवारी गावाकडच्या गाडीत बसण्याआधी, सोसायटीच्या गेटवरच्या ड्युटीत जरा निवांत झालात की वाचा.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, तरी पाण्याला स्वतःच जाते. मी हंडा घेतला की म्हणते, "मेंबरबाईनं हंडा उचलला तर लोक हसतील." हसते आणि निघते. आपल्या वस्तीसाठी मंजूर झालेली टाकी आबासाहेबांच्या शेतातल्या आखाड्याला खेटून उभी आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार! पाया खणताना तुम्हीच कुदळ धरली होती. तेव्हा "उंचावरची जागा हाय, पाणी आपसूक उतरंल" असं सांगितलं होतं. पाणी उतरलं, पण त्यांच्या मोसंबीत. वस्तीपर्यंतची पाइपलाइन दर ग्रामसभेत "पुढच्या आराखड्यात" जाते. त्याबद्दल उभं राहून विचारणारी एकच बाई, धनगरवाड्यातली अंबाबाई. तिला स्वतःला ते पाणी नकोय, तिच्या दारात बोअर आहे. तरी विचारते.

उपसरपंचाची जागा रिकामी झाली, तेव्हा एका बाजूने आबासाहेबांचा पुतण्या अंगद उभा राहिला, दुसऱ्या बाजूने अंबाबाई. आम्ही सातजण सदस्य. सरपंच नर्मदाबाई धरून तिघं अंगदकडे, तिघं अंबाबाईकडे, मधे मी. गावात सही नर्मदाबाईंची आणि कारभार उपसरपंचाचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून आबासाहेबांचा माणूस रामहरी क्रुझर जीप घेऊन आपल्या दारात आला आणि म्हणाला, "चला संघप्रियाताई, रंगनाथरावांनी शब्द देलाय." बाबा, गावात कुणी तुम्हाला 'राव' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आईनेही ऐकलं. मग मी पिशवी भरली.

निवडीआधी माणसं फुटू नयेत म्हणून त्यांना देवदर्शनाला फिरवतात, ही आपल्याकडची रीतच. रामहरीने "रेंज न्हाई तिकडं" म्हणत सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले. बाकीचे देवळात गेले की मी गाडीत बसायची. तो हसून म्हणाला, "तुमाला बुद्धगयेला नेऊ ना, पण हात वर झाल्यावर." नर्मदाबाई एकदा माझ्याजवळ येऊन बसल्या. मी विचारलं, तुम्हाला कोण हवंय? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला आजवर कुणी इचारलंच न्हाई गं, म्हनून म्या बी इचार केला न्हाई." सरपंच आहेत त्या, बाबा. मला हसू आलं नाही.

तुमचा फोन रामहरीच्या मोबाईलवर आला. तो शेजारीच उभा होता. तुम्ही म्हणालात, "पोरी, तुजं हॉस्टेल आबासाहेबाच्या एका फोनवर झालं. म्या शब्द देलाय, माजी मान खाली नगं." मी "हो बाबा" म्हणाले. हॉस्टेलच्या त्या दिवसाची मला आठवण आहे. परभणीत वसतिगृहाच्या पायऱ्यांवर आपण बसून होतो. तुम्ही टोपी काढून हातात धरली होती, आणि फोन येईपर्यंत कुणी आत घेतलं नाही. पुढे तिथेच राहताना कळलं की त्या वर्षी जागा रिकाम्या होत्या आणि माझे गुण पुरेसे होते. दार उघडंच होतं. आबासाहेबांनी आपल्या पुढे होऊन ते ढकललं, इतकंच. पण फोन आला नसता तर आपण संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो असतो, हेही खरं. म्हणून म्हटलं, उत्तर येत नाही.

क्रुझरने आम्हाला थेट पंचायतीच्या दारात उतरवलं. अंबाबाई पदर सावरत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "चिठ्ठ्यांचं मतदान मागू. तुजं मत दिसायचं न्हाई, तुज्या बापाला तरास न्हाई." नियमात ते बसतं. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग तुम्ही डोळ्यांपुढे आलात. चिठ्ठीने अंगद पडला असता, तर आबासाहेबांनी तुम्हालाच बोलावलं असतं. तुम्ही माझी शपथ घेऊन सांगितलं असतं की माझी पोर असं करणार नाही, आणि सगळ्या आखाड्यासमोर खोटे ठरला असता. ते मला सोसलं नसतं.

दर वेळी पिंगळी स्टेशनावर उतरलात की तुम्ही घरी येण्याआधी आखाड्यावर थांबता. टोपी काढून उभे राहता, ते "जा आता" म्हणतात, मग आईला भेटता. शनिवारी तसं करू नका, एवढ्यासाठीच हे पत्र. मी चिठ्ठी मागितली नाही. अंबाबाईचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांच्या देखत हात वर केला, आणि ती एका मताने उपसरपंच झाली. सभेतून निघाले ती घरी न जाता एकटीच आखाड्यावर गेले. आबासाहेब बाजेवर बसले होते. मी म्हणाले, शब्द माझ्या बाबांनी दिला होता, मत माझं होतं. विचारायचं ते मला विचारा. ते म्हणाले, "रंगनाथला येऊ दे." मी म्हणाले, ते येतील, पण घरी. त्यांच्याऐवजी मी येऊन गेले.

तुमचीच,
संघप्रिया