मावशीची रेघ

१३ एप्रिल २०२५, रविवार

तेजस्वीला येऊन आठ दिवस झाले. मला मावशी म्हणते, अजयला काका. पोटची मुलगी!

नऊ महिन्यांची होती. अजयच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळेना, मला मात्र इथे आखातात शाळेत नोकरी मिळाली. चिपळूणला माझ्या बहिणीकडे, द्वारकाताईकडे ठेवली — दोन वर्षांसाठी. त्यांची तेरा झाली. मधे एकदा ताई फोनवर म्हणाली, "मला आई म्हणायला लागलीय गं. काय करू?" मी म्हटलं, राहू दे.

आता तिचा इकामा, इथे राहायचा परवाना, करायचाय. २४ला बोटांचे ठसे. कागदांचं सगळं अहमदभाई बघतात, श्रीवर्धनचे. म्हणाले, "बाई, तिथे जन्मदाखला तिच्यासमोर उघडणार. आईचं नाव विचारणार. त्याआधी घरात काय ते बोलून घ्या."

अकरा दिवस.

१५ एप्रिल

शाळेच्या प्रदर्शनासाठी ग्रीक देवांचा वंशवृक्ष करतेय. तेजस्वी रेघा मारायला बसली. झ्यूस आणि हेरा भाऊबहीण, आणि नवराबायको — हे ऐकून खूप हसली.

"हा हेडीस पर्सेफनीचा काका का मामा?"

"दोन्ही. बापाचाही भाऊ, आईचाही."

"आणि नवरा पण! मग लग्नात आहेर कुठल्या बाजूचा करायचा त्याने?"

मी हसले. सांगायचं राहिलं.

१६ एप्रिल

नाही सांगितलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. बाहेर धूळ. खिडक्या बंद. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. अजय म्हणतो, "तू सांग. मी असलो की गडबड होईल." शुवैखच्या गॅरेजमध्ये चाळीस माणसं याच्या हाताखाली!

संध्याकाळी वंशवृक्षाचा तक्ता पुढे. झ्यूसच्या विजेने सेमेली जळाली, तिचं पोर डायोनिसस मावशीने वाढवलं. आयनो तिचं नाव.

"मावशीची रेघ कुठून काढू?"

तिची रेघ नसते, म्हटलं. वंशवृक्षात जन्म आणि लग्न, एवढंच असतं.

"हे बरोबर नाही. वाढवलं कोणी मग?"

पेन्सिलने तिने एक तुटक रेघ काढलीच. मी खोडली नाही.

सेमेली मेली होती. मी काय मेले होते?

२० एप्रिल

ताईचा फोन. "सांगितलंस?" नाही म्हटलं. ती मग म्हणाली, "तिला पित्त होतं. उपाशी ठेवू नकोस."

तेरा वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

२२ एप्रिल

सांगितलं. भाजी निवडताना, एका दमात.

तिने मान वर केली नाही. "माहित्ये."

कसं?

"पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं, मावशी. मुक्ता अजय पालकर. विमानात दुसरं काय होतं वाचायला?"

त्या पासपोर्टच्या अर्जावर मीच सही केली होती. जन्मदाखला कपाटात कुलपात ठेवला, आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला!

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते." पुढची जुडी ओढत — "तक्त्याच्या वेळी सांगशील असं वाटलं होतं."

अजय घरी आला तेव्हा तिने नेहमीसारखं पाणी आणून दिलं. कुठलीच हाक मारली नाही. तो ग्लास हातात धरून उभा.

२३ एप्रिल

आई म्हणाली नाही. मावशीही म्हणाली नाही. दिवसभर "अहो", "ऐका ना".

मला तिला जवळ ठेवायचंय. दुसरं काही सुचत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ठशांच्या मशीनसमोर तिने हात मागे घेतले. हळूच म्हणाली, "तिकडे आई गॅसला घाबरते. सिलेंडर बदलायचा झाला की मी लागते."

अजय काही बोलणार होता. मी म्हटलं, राहू दे, आणि अहमदभाईंकडून फाइल परत मागून घेतली.