सगळ्यांच्या रक्तात एकच खूण

१० नोव्हेंबर
अखेर नोकरी लागली, आणि तीही मनासारखी. पुण्याजवळच्या रिहे गावातल्या एका फार्महाउसमध्ये डॉ. शेखर यांनी प्रयोगशाळा थाटली आहे. खिडकीतून कापणी झालेली भातखाचरं दिसतात. आपल्या पेशी एकमेकींना सूक्ष्म पुडक्यांतून निरोप धाडत असतात. ही पुडकी म्हणजे एक्सोझोम. रुग्णाच्या रक्तातून ते वेगळे काढायचे आणि अंगात सूज कुठे, किती, हे ओळखायचं, हे माझं काम. औषधही एक्सोझोमचंच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे एक्सोझोम सर संधिवाताच्या रुग्णांना टोचतात. राहायला खोली चंद्राबाईंकडे मिळाली. त्याही सरांच्या रुग्ण. वाकडी झालेली बोटं दाखवत म्हणाल्या, "शंभू, भाकर आता सून थापती. पर तू जेवायला हितंच यायचं."

१७ नोव्हेंबर
वीज सारखी जाते आणि मशीन दर वेळी पहिल्यापासून लावावं लागतं. वैतागलो. त्यात चंद्राबाईंचं रक्त घेऊन झाल्यावर तीच सुई माझ्या बोटात घुसली. सर म्हणाले, धुऊन टाक. पण आज चंद्राबाईंनी स्वतः भाकरी थापली. मग राग फार टिकला नाही.

२४ नोव्हेंबर
सगळ्या रुग्णांची सूज उतरली आहे, पण सगळ्यांच्या एक्सोझोमवर एकच खूण दिसते. ती त्यांच्या स्वतःच्या पेशींची नाही. टोचलेलं औषध तर एव्हाना विरून जायला हवं होतं. इथे ते वाढतंय. सर म्हणाले, तुझ्या नळ्या अस्वच्छ. नळ्या बदलल्या, रसायनं बदलली. तेच. पुन्हा सांगायला गेलो तर म्हणाले, आधी हात नीट धुवायला शीक.

२९ नोव्हेंबर
औषधाच्या पेशी मुळात कुणाच्या, हे विचारून विचारून थकलो. शेवटी सर चिडून बोलले. त्यांच्या पत्नीच्या, अपेक्षाच्या. ती गेल्या वर्षी वारली. पेशी तेवढ्या त्यांनी जगवल्या.

२ डिसेंबर
पौडचे दुकानदार साबीरभाई तपासणीला आले. धिप्पाड, दाढीवाला माणूस. सर दिसताच हलकेच म्हणाले, "शेखर, मी दमले रे. मला घरी ने."
दमले.
मग स्वतःच गोंधळले. आपण काय बोललो ते त्यांना आठवेना. सर रडत होते. आनंदाने.

४ डिसेंबर
आज चंद्राबाई, अंगणात — तेच शब्द, तोच सूर. गावची बोली कुठेच नाही, अगदी पुण्याच्या बाईसारखं बोलणं. सुनेने दंडाला धरून हलवलं तेव्हा भानावर आल्या. उपचार थांबवा म्हणून सरांना विनवलं. ते नवीन डोस भरतच राहिले. अशा उपचारांना परवानगी देणाऱ्या समितीला तक्रार पाठवली, उत्तर नाही. फोन कुणी उचलत नाही. सांगू तरी कुणाला?

६ डिसेंबर
माझं रक्त तपासलं. मला औषध कुणी दिलं नव्हतं — फक्त ती सुई —
खूण आहे.

७ डिसेंबर
सामान भरलं. पुण्याच्या वाटेवर भूगावपर्यंत गेलो. आता परत खोलीत आहे. का आलो — कसा —

८ डिसेंबर
पुन्हा निघाले —
निघालो. निघालो. ते मी लिहिलेलं नाही.
सर बाहेर उभे आहेत. हाक मारताहेत. माझ्या नावाने नाही.
कडी लावली आहे. मी दार उघडणार नाही. मी उघडणार — शेखर, थांब ना, आले, फक्त