दाराकडचा जोड

मिस्त्री,

डॉक्टरांची फायबरची गाडी परत आली. तीच, दोन दारांची, पिवळी, जिला तुम्ही कचकड्याची बाहुली म्हणायचे आणि तरी पुसायला स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढायचे. आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. डॉक्टर गेले. त्यांचा मुलगा रिटायर होऊन इकडे राहायला आला आणि बापाची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस त्याला सुटली. विचारत विचारत माझ्या शेडपर्यंत पोचला, कारण फायबरचं काम करणारा आसपास मी एकटाच उरलो आहे, तोही कूलरच्या टाक्यांना ठिगळं लावण्यापुरता. उजव्या बाजूचं पुढचं मडगार्ड बदलायचं होतं. याच मडगार्डापायी लोक म्हणाले होते की मिस्त्रीचा हात गेला. त्यात चूक तुमची नव्हती, माझी होती. इतकी वर्षं मला नुसता संशय होता, आता खात्री झाली. आणि हे ऐकून ज्याला समजेल असं तुमच्याशिवाय कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. बैलगाडीची धडक बसून जुनं मडगार्ड फुटलं होतं आणि नवं आलं होतं. पत्रा असता तर वेल्डिंग मारून मोकळे झालो असतो, पण फायबर चिकटवावंच लागतं. साच्यातून निघालेल्या मालाच्या अंगाला मेण लागलेलं असतं, ते आतून घासून, थिनरनं पुसून काढायचं, मगच चिकटवणी लावायची. "चमक मेली पाहिजे बे," तुम्ही म्हणायचे, "लग्नातल्या नवरदेवावानी दिसून राह्यलं तर समज काम बाकी हाये." बोनेटकडचा जोड तुम्ही घेतला आणि दाराकडचा मला दिला. मी काही कालचं पोर नव्हतो. लग्न झालेला गडी होतो, आणि खरं सांगायचं तर त्या लग्नापायीच सगळं झालं. दोनच महिने झाले होते. घरात माणसं इतकी की आम्ही दोघं धड चार शब्द बोललो नव्हतो. ती त्या दिवशी पहिल्यांदा डबा घेऊन आली आणि मागे लिंबाखाली बसली. मी पॉलिशपेपर हातात धरूनच तिच्याजवळ जाऊन बसलो.

"हे काय लागलं तुमच्या हाताले? चमकून राह्यलं."

"काच हाये. बारीक भुगा असते तिचा."

"मंग खाजवत नाही काय?"

"खाजवते तर!"

"मंग माह्या लुगड्याले हात नका लावू," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून अशी हसली की मला उठवेना. मडगार्ड कुठे आहे, मी कुठे आहे, काही भान नाही. तेवढ्यात आतून तुमचा आवाज आला. चिकटवणीत हार्डनर पडलं होतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते एकदा पडलं की दहा मिनिटांत दगड होतं. "घासून झालं काय बे?" मी पळत गेलो. दाराकडची पट्टी आरशासारखी चमकत होती. तिच्यावर नुसतं थिनरचं फडकं फिरवलं आणि ओरडलो, "हाव मिस्त्री, झालं!"

तुम्ही वळून पाहिलं नाही. माझ्या शब्दावर चिकटवणी लावली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पावसाळा सरल्यावर राजूरच्या घाटात दाराकडची कड सुटली, मडगार्ड वाऱ्यानं उलटून चाकात गेलं आणि गाडी नालीत उतरली. डॉक्टर हात गळ्यात बांधून आले. चहाच्या टपरीसमोर, दहा माणसांत म्हणाले, "मिस्त्री, आता हे काम सोडा. तुमचा हात गेला." तुम्ही गाडी एकदा पाहू द्या म्हणालात, पण ती तोवर अकोल्याला गेली होती. तिथे कोणीतरी सुटलेली कड नट-बोल्टनं आवळून वर लांबीची पुट्टी भरली, त्यामुळे तो जोड उघडून पाहणं तुमच्या नशिबी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एवढंच विचारलं, "घासलं होतं न बे?" मी म्हणालो, "हाव." आणि तुम्ही मान हलवली. "मंग माह्याच कालवण्यात चुकलं," असं म्हणून तुम्ही आपल्या बोटांकडे पाहत राहिलात. त्यानंतर हार्डनरचे थेंब तुम्ही दोनदोनदा मोजायला लागलात. मग एक दिवस बाटलीच माझ्या हातात दिली. "तूच टाक बाप्पा. माह्या हाताचा भरोसा नाही." मी घेतली. घेतली आणि टाकत राहिलो.

स्वतःची समजूत घालायला माणसाला किती युक्त्या सापडतात! चिकटवणी जुनी असेल, ऊन लागलं असेल, मेण काही एवढं नडत नसेल, असं मी मला सांगत आलो. गेल्या आठवड्यात लांबी खरवडली, बोल्ट काढले. दाराकडची कड नखानं उचलली गेली. खाली चिकटवणीची पट्टी होती तशी सबंध, गुळगुळीत, आणि मडगार्डाची आतली बाजू त्या दिवशीइतकीच चमकदार. मग बोनेटकडच्या जोडाला हात घातला. तो सुटेना. हीटगननं तापवून, पटाशी घालून दोन सकाळी गेल्या, तेव्हा कुठे निघाला, आणि निघाला तोही फायबरच्या दशा ओढून घेऊन. चिकटवणी एकाच डब्यातली, एकाच दुपारची. तुमच्या कालवण्यात काही चुकलं नव्हतं, मिस्त्री. तुमचा जोड इतक्या वर्षांनी मला ऐकत नव्हता.

डॉक्टरांचा मुलगा खुर्ची टाकून बघत होता. "काका, हे एवढं घट्ट कोनं चिकटवलं?" "माह्या मिस्त्रीनं," मी छाती काढून म्हणालो. तो हसला. "बाबा तर म्हनत, मिस्त्रीनं मले नालीत घातलं! अन् मंग इकडचं हे असं सुटलं काऊन?" तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "ऊन खाल्लं असंन जी." इतक्या वर्षांनीही तेच. जीभ कशी वळणावर गेलेली असते बघा.

नवं मडगार्ड मी पहाटे गारव्यात बसवलं. दोन्ही जोड घासघासून पांढरे फटक केले, बोटं सोलली. चिकटवणी कालवली आणि सवयीनं मागे वळून विचारलं, "झालं काय बे?" मागे रिकामी शेड. आता धरायला दुसरा हात नाही, म्हणून वाळूच्या पिशव्या लटकावून दाब दिला आणि चिकटवणी आवळेपर्यंत पाठ टेकून बसून राहिलो. मुलं पुण्याला आहेत, फोनवर तब्येत विचारतात. ती जाऊन सहा वर्षं झाली. लिंबाखालच्या त्या बोलण्याची गोष्ट तिलाही मी कधी सांगितली नाही. तिला वाटलं असतं, आपल्यामुळे झालं. आणि खरं विचाराल तर मला त्या दुपारचा पुरता पस्तावाही करता येत नाही. आमच्या सगळ्या संसारात ती तशी मोकळी हसलेली मला फार वेळा आठवत नाही.

पण मुख्य गोष्ट अजून राहिलीच आहे. तुमची पोरगी देऊळघाटला असते, सुखात आहे. तिला भाऊ नाही, म्हणून आखाजीच्या सणाला तुमच्या नावानं पितर ती जेवू घालते, आणि तुमच्या जागी पाटावर बसायला दरवर्षी मला बोलावते. घागर भरते, माझे पाय धुते, कपाळाला गंध लावते आणि "जेवा बाबा" म्हणते. तेवढ्या वेळापुरता मी तुम्ही असतो. वाढता वाढता कधीतरी तिचं ठरलेलं वाक्य येतंच, "शेवटी शेवटी बाबाचा हात गेला होता, नाही काय दादा? आई म्हने, उगाच त्या फायबरच्या नादी लागले." आणि मी, तुमच्या पाटावर बसून, तुमची पोळी हातात धरून, मान हलवतो.

हा कागद खरा तिच्या हातात पडायला हवा. ऑटोनं अर्ध्या तासाची वाट आहे. तिला तिचा बाप होता तसा परत मिळेल, एवढं मला कळतं. पण मग ती मला त्या पाटावर बसवील काय? वर्षभर मी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच खातो, मिस्त्री. समोर बसून कोणी आणखी घ्या म्हणावं, असा माझा तो एकच दिवस.

काल तिचा फोन आला. "दादा, परवा आखाजी हाये, दहाच्या आत येजा. रसाचे आंबे पिकाले घातले." येतो म्हणालो. कागद ट्रंकेत, बायकोच्या लुगड्यांखाली ठेवून देतो. दरवर्षी तुमच्या नावाची दुसरी पोळी मी मागून घेतो, वर तूपही. यंदाही घेईन.